विमानासाठी घडवलेली ‘८८’ रणगाड्यासमोर कशी उभी राहिली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जर्मन ८८ मिलिमीटर तोफ पाहिली. ही तोफ विमानविरोधीही होती आणि रणगाडाविरोधीही, असं सगळीकडे वाचायला मिळतं. सात-आठ किलोमीटर उंचीवरचं विमान आणि जमिनीवरून येणारा रणगाडा, दोघांसाठी एकच तोफ कशी चालते? ती खरोखर दुसऱ्या महायुद्धातली सर्वांत भारी तोफ होती का? आणि होती, तर जर्मनांनी रणगाड्यांसाठी वेगळ्या तोफा कशाला बनवल्या?

मी हवाई संरक्षण तोफखान्यात होतो. देवळालीला शिकलो आणि उमेदीची सगळी वर्षं ४० मिलिमीटरच्या एल-७० तोफेमागे काढली. ८८ मी कधी चालवलेली नाही, पण विमानावर गोळा टाकणं म्हणजे काय ते अंगात मुरलेलं आहे. तिथूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

सरावात आमच्यासमोर एक विमान लांब दोरीला कापडी नळकांडं बांधून ओढत न्यायचं. नव्या पोराला पहिल्या दिवशी वाटतं, नळकांड्यावर नेम धरला की झालं. गोळे मागून निघून जातात. मग उस्ताद सांगतो, ‘ते जिथे आहे तिथे मारू नकोस, ते जिथे असेल तिथे मार.’ हे ‘असेल तिथे’ काढणं हाच विमानविरोधी तोफखान्याचा सगळा धंदा. गोळ्याला वर पोचायला जितका वेळ लागतो तितका वेळ विमान पुढे सरकत असतं. ८८चा गोळा सात हजार मीटरच्या आसपास पोचायला वीस सेकंदांहून जास्त घेई. बॉम्बर विमान सेकंदाला ऐंशी मीटर जातं असं धरलं, तर वीस सेकंदांत ते १,६०० मीटर पुढे गेलेलं असतं. म्हणजे तोफ डागताना आपण विमानापासून दीड किलोमीटर लांबच्या रिकाम्या आकाशावर नेम धरतो, आणि वैमानिकाने दरम्यान जरासं वळण घेतलं की सगळं गणित वाया.

यावर तोफ बनवणाऱ्याच्या हातात एकच उपाय असतो: गोळ्याचा वेग वाढवा, म्हणजे वाटेतला वेळ कमी होईल. त्यासाठी नळी लांब हवी आणि दारू भरपूर हवी. विमान टप्प्यात थोडाच वेळ असतं, म्हणून मिनिटाला पंधरा-वीस गोळे सुटायला हवेत. ते कुठूनही येऊ शकतं, म्हणून तोफ चारी दिशांना फिरायला हवी. आता ही यादी रणगाड्यासमोर ठेवून पाहा. वेगवान गोळा पोलाद फोडतो. त्याचा मार्ग जवळजवळ सरळ असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी गोळा लागतो. पहिला चुकला तर दुसरा तीन-चार सेकंदांत तयार. आणि रणगाडा डावीकडून येवो की उजवीकडून, तोफेची शेपटी उचलून फिरवावी लागत नाही. विमानासाठी जे जे केलं ते सगळं रणगाड्यासाठी आयतंच उपयोगी पडलं.

आकडे पाहिले की फरक डोळ्यात भरतो. ८८चा चिलखतभेदी गोळा सुमारे साडेनऊ ते दहा किलोचा, नळीतून सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास वेगाने निघणारा. युद्धाच्या सुरुवातीला जर्मन पायदळाकडे जी ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ होती तिचा गोळा ७०० ग्रॅमसुद्धा भरत नव्हता, वेग साधारण ७५०. दोघांच्या आघाताची ऊर्जा काढली तर ८८ची सोळा-सतरा पट येते. १,००० मीटरवरच्या रणगाड्यापर्यंत ८८चा गोळा दीड सेकंदाच्या आत पोचतो. तेवढ्यात ताशी वीस किलोमीटरने जाणारा रणगाडा सात-आठ मीटर सरकतो, म्हणजे जेमतेम आपल्या लांबीइतका. वीस सेकंद पुढचं आकाश वाचायची सवय असलेल्या तोफच्याला हे किती सोपं वाटलं असेल, ते मला चांगलं कळतं.

ही तोफ आली कुठून, तेही सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या तोफा बनवण्यावर कडक बंधनं घातली. एसेनच्या क्रुप कंपनीने आपले अभियंते स्वीडनला बोफोर्सकडे पाठवले, आणि तिथल्या कामातून पुढे या तोफेचा आराखडा उभा राहिला. १९३३च्या सुमारास ती फ्लाक १८ या नावाने सैन्यात आली. फ्लाक म्हणजे विमानविरोधी तोफेच्या लांबलचक जर्मन नावाचं लघुरूप, पाक म्हणजे रणगाडाविरोधी तोफेचं. ‘१८’ हा आकडा मुद्दाम घातलेला, आराखडा जुना, १९१८चा आहे असं भासावं म्हणून. पुढे फ्लाक ३६ आणि ३७ आल्या. फ्लाक ३६मधली एक सुधारणा मला फार आवडते. नळीचं आतलं अस्तर तीन तुकड्यांत केलं होतं. गोळे मारून मारून नळीचा जो भाग सर्वांत आधी झिजतो तेवढाच बदलायचा, अख्खी नळी फेकायची नाही. ज्याने झिजलेल्या नळीचं विखुरलेलं फायरिंग पाहिलंय त्याला याची किंमत कळेल.

ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं दार, जवळून कसं चालतं ते पाहू. गोळा आणि दारू भरलेली पितळी किंवा पोलादी केस एकत्र, जवळजवळ पंधरा किलोचा आणि तीन फूट लांबीचा ऐवज. लोडर तो दोन्ही हातांवर घेऊन नळीत ढकलतो. केसच्या बुडाची कड आतल्या खिट्यांना लागली की ब्रीचचा ठोकळा आडवा सरकून आपोआप बंद होतो. तोफ सुटते, नळी धक्क्याने मागे येते, परत पुढे जाताना ठोकळा स्वतःच उघडतो आणि गरम केस मागे खणकन पडते. लोडरने पुढचा गोळा हातात धरलेलाच असतो. एका माणसाला हे पाच-दहा मिनिटं सलग करायला लावा, मग कळतं की ‘मिनिटाला वीस गोळे’ हा आकडा तोफेचा कमी आणि लोडरच्या पाठीचा जास्त आहे. यांत्रिक ठासणी दिलेली होती, पण बऱ्याच तुकड्या ती वापरत नसत. हातानेच जास्त भरवशाचं वाटे. आमच्या एल-७०वर चार गोळ्यांची क्लिप भरतानाही खांदे भरून येत.

जमिनीवरच्या लक्ष्यांवर ८८ प्रथम वापरली गेली ती स्पेनच्या यादवी युद्धात, १९३६ नंतर. तिथे गेलेल्या जर्मन तुकड्यांनी ती पिलबॉक्सवर (काँक्रीटच्या मोर्च्यांवर) आणि शत्रूच्या ठाण्यांवर चालवून पाहिली. हा अनुभव कागदावर उतरला, दुर्बिणीचा थेट नेमाचा साइट आला, चिलखतभेदी गोळे आले, पुढे ढाल आली. म्हणून २१ मे १९४० रोजी फ्रान्समध्ये आरासजवळ जे झालं ते अगदीच अचानक सुचलेलं नव्हतं. ब्रिटिशांचे माटिल्डा रणगाडे जर्मन सेनापती रोमेलच्या ७व्या पॅन्झर, म्हणजे रणगाडा, डिव्हिजनवर चालून आले. माटिल्डाच्या पुढच्या बाजूला ७८ मिलिमीटर जाड पोलाद होतं. ३७ मिलिमीटरच्या तोफांचे गोळे त्यावर आपटून खाली पडू लागले. जर्मन सैनिकच त्या तोफेला ‘दार ठोठावणारी’ म्हणायचे: ठोठावते, पण आत जाता येत नाही. शेवटी १०५ मिलिमीटरच्या मैदानी तोफा आणि ८८ थेट नेमावर लावून तो हल्ला थांबवला. यात मैदानी तोफांचा वाटा मोठा होता हे बहुतेक जण सांगायचं विसरतात; सगळं श्रेय ८८ला जातं.

८८चं नाव खऱ्या अर्थाने झालं ते उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात, आणि इथे आपली माणसं येतात. इजिप्त-लिबिया सीमेवर समुद्राकडून वर पठारावर चढणारी हल्फाया नावाची खिंड आहे. १५ जून १९४१ला ब्रिटिशांनी ‘बॅटलअॅक्स’ मोहीम काढली, तेव्हा ही खिंड घेण्याचं काम ११व्या भारतीय ब्रिगेडकडे होतं. वरच्या बाजूने स्कॉटिश कॅमेरून हायलँडर्स आणि माटिल्डांचं स्क्वाड्रन. खालून, समुद्राकडून, राजपुताना रायफल्स आणि ५व्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन, म्हणजे आपली ‘काळी पाचवी’.

खिंडीवर जर्मन कप्तान विल्हेल्म बाख होता. युद्धाआधी तो धर्मोपदेशक होता. त्याच्याकडे ८८ किती होत्या? चार-पाच. बस्स. पण त्या त्याने खडकात खड्डे खणून अशा खाली उतरवल्या होत्या की नळी जमिनीलगत, बाकी काही दिसू नये. त्याने माटिल्डा जवळ येईपर्यंत धीर धरला. वरच्या बाजूचं जवळजवळ पूर्ण स्क्वाड्रन त्या सकाळी संपलं. खालच्या बाजूला मराठ्यांबरोबरचे बहुतेक रणगाडे सुरुंगांवर अडकले, आणि पायदळाला उघड्यावर चिलखताविना पुढे सरकायची वेळ आली. खिंड काही मिळाली नाही. तीन दिवसांत ब्रिटिशांचे ९१ रणगाडे गेले. इंग्रज शिपायांनी हल्फायाचं ‘हेलफायर’ करून टाकलं, नरकाग्नीची खिंड.

हल्फायाबद्दल वाचताना मी नेहमी त्या खड्ड्यांपाशी थांबतो. ८८ मुळात उंच तोफ. आकाशाकडे ८५ अंशांपर्यंत नळी उचलायची तर मधला खांब उंच हवाच, आणि त्यामुळे ती माणसाच्या डोक्याच्या वर जाते. सपाट वाळवंटात ती दोन किलोमीटरवरून दिसते. सुटली की पुढची सगळी धूळ उडते आणि जागा उघडी पडते. खड्डा खणला नसता तर बाखची तोफ पहिल्या दहा मिनिटांत निकामी झाली असती. आता विचार करा, उन्हाळ्यात त्या खडकात एवढा मोठा खड्डा खणायला किती माणसांना किती दिवस लागले असतील. त्या कामाचा उल्लेख तोफेच्या कौतुकात क्वचित येतो. मी ज्या ज्या ठिकाणी तैनात होतो तिथे तोफ लावण्यापेक्षा तिचा खड्डा करण्यात जास्त वेळ गेला, आणि कुरकुरही त्यावरच जास्त झाली. पण जीव वाचवतो तो खड्डाच.

दुसरं कारण ब्रिटिशांच्या बाजूचं होतं, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचं. त्यांच्या रणगाड्यांवर दोन पौंडी, ४० मिलिमीटरची तोफ होती. पोलादावर ती बरी होती, पण रणगाड्यांना तिच्यासाठी स्फोटक गोळा दिलेला नव्हता, फक्त भरीव पोलादाचा. रणगाड्याविरुद्ध तो ठीक, पण तोफेच्या बाजूला पसरलेल्या आठ-दहा माणसांना भरीव गोळ्याने काय होणार? तो नेमका तोफेच्या लोखंडावरच बसला पाहिजे. स्फोटक गोळा वीस पावलांवर जरी फुटला तरी तोफेची माणसं पडतात आणि तोफ गप्प होते. १९४२च्या मेमध्ये लिबियातल्या गझालाच्या लढाईत अमेरिकन बनावटीचे ग्रँट रणगाडे आले, त्यांची ७५ मिलिमीटरची तोफ स्फोटक गोळा टाकू शकत होती, आणि जर्मन तोफच्यांना पहिल्यांदाच लांबून मार बसू लागला. त्याच उन्हाळ्यात जून महिन्यात तोब्रुक पडलं आणि काळी पाचवी तिथे कामी आली, हेही त्याच हिशोबात लिहायला हवं. एक चांगला गोळा उशिरा आला, त्याची किंमत कुणी चुकवली ते आपण विसरू नये.

रोमेलची युक्तीही या तोफेपेक्षा मोठी होती. जर्मन रणगाडे पुढे यायचे, चकमक करायची आणि माघार घेतल्यासारखं मागे फिरायचे. ब्रिटिश घोडदळाची परंपरा पाठलागाची. पाठलाग करत ते सरळ दबा धरून बसलेल्या तोफांच्या रांगेवर जायचे. रणगाड्याने रणगाड्याशी लढायचं नाही, शत्रूचे रणगाडे तोफांपुढे आणून सोडायचे. ही शिस्त असेल तर ५० मिलिमीटरची साधी तोफसुद्धा खूप रणगाडे फोडते, आणि तिने फोडलेही.

ब्रिटिशांकडेही ३.७ इंची विमानविरोधी तोफ होती, ताकदीने ८८पेक्षा कमी नाही. ती रणगाड्यांवर का नाही लावली? लावली, पण क्वचित. ती जवळजवळ नऊ टनांची, फिरवायला जड, आणि बंदरं, विमानतळ, कारखाने यांच्या रक्षणासाठी वाटलेली. आणि मुख्य म्हणजे विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी ही दोन वेगळी खाती, वेगळ्या सवयी. जर्मन फ्लाक तुकड्या लढत्या सैन्याबरोबर पुढे जायच्या, तोफ आठ टनी अर्ध-साखळीच्या गाडीमागे जोडलेली, माणसं आणि गोळे त्याच गाडीत. एका गाडीत अख्खी तोफ लढायला तयार.

वाळवंटात ८८ अजिंक्य वाटली, पण रशियाच्या मोहिमेत पहिल्याच आठवड्यात एक प्रसंग घडला तो वेगळं काही सांगतो. २४ जून १९४१, लिथुआनियात रासेनियाईजवळ. एक सोव्हिएत केव्ही रणगाडा एकटाच ६व्या पॅन्झर डिव्हिजनच्या रसदीच्या रस्त्यावर येऊन थांबला. रसदीचे ट्रक त्याने पेटवले. ५० मिलिमीटरच्या तोफा आणल्या, गोळे लागले पण आत गेले नाहीत, उलट केव्हीनेच त्या तोफा उडवल्या. मग ८८ आणली. ती रस्त्यालगत आणून चाकं काढून, पाय पसरून, नेम लावेपर्यंत केव्हीचा बुरूज शांतपणे फिरला आणि एकही गोळा सुटायच्या आत ८८ संपली. रात्री सुरुंगवाले गेले, तेही फसलं. दुसऱ्या दिवशी हलक्या रणगाड्यांनी जंगलाच्या कडेने फिरून केव्हीचं लक्ष गुंतवलं आणि मागून दुसरी ८८ लावून त्याला गाठलं. तेव्हाही अनेक गोळे लागले, त्यातले फारच थोडे आत गेले. गोळ्याची ताकद दोन्ही दिवशी सारखीच होती. पहिल्या दिवशी ती तोफ दिसली, दुसऱ्या दिवशी दिसली नाही.

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. रणगाड्यासमोर तोफेचं पहिलं काम लपणं. ८८ पाच टनांची, उंच, महागडी, आणि मुळात हवाई दलाची, म्हणजे पायदळाच्या सेनापतीने मागितली की मिळेलच असं नाही. पायदळाला हवी होती ती बुटकी, चार-सहा माणसांनी ढकलता येणारी, झुडपात मावणारी तोफ. ३७ मिलिमीटरची पाक साडेचारशे किलोच्या आसपास होती, माणसं ती पळत ढकलू शकत. टी-३४ आणि केव्ही या सोव्हिएत रणगाड्यांसमोर ती निरुपयोगी ठरली. ५० मिलिमीटरची पाक ३८ टनाभराची, जेमतेम चालणारी. मग आली ७५ मिलिमीटरची पाक ४०, आणि माझ्या मते जर्मनांची खरी रणगाडाविरोधी तोफ हीच. सुमारे दीड टन वजन, उंची छातीपर्यंत, पुढे तिरपी दुहेरी ढाल, १,००० मीटरवर ८० मिलिमीटरहून जास्त पोलाद फोडणारी. २३,००० हून अधिक बनल्या. युद्धाच्या उत्तरार्धात दोस्तांचे रणगाडे फोडणाऱ्या ओढत्या तोफांमध्ये सर्वांत मोठी फौज हिचीच, पण हिच्यावर कुणी दंतकथा रचल्या नाहीत. तिच्या तोफच्यांचं दुःख एकच होतं: रशियाच्या चिखलात ती रुतली की माणसांनी ढकलून निघायची नाही, ओढायला गाडी नसेल तर ती तिथेच सोडून द्यावी लागे.

मधल्या काळात बरेच प्रयोग झाले. पुढे अरुंद होत जाणाऱ्या नळीच्या तोफा, ज्यात मऊ कड असलेला गोळा दाबला जाऊन भयंकर वेगाने निघतो. हुशार कल्पना, पण गोळ्याच्या गाभ्याला टंग्स्टन लागे, ते जर्मनीला बाहेरून आणावं लागे आणि कारखान्यांच्या हत्यारांनाही तेच हवं असे. त्यामुळे ते प्रकरण विरलं. त्यापेक्षा व्यवहारी उपाय म्हणजे रशियनांकडून हाती लागलेल्या ७६.२ मिलिमीटरच्या तोफा. त्या जर्मन गोळ्यांसाठी बदलून घेतल्या आणि रशियात, आफ्रिकेत वापरल्या. ब्रिटिश अहवालांत ज्यांची नोंद ८८ म्हणून झाली त्यांतल्या काही खरं तर या रशियन तोफा होत्या.

१९४३च्या सुमारास मात्र एक नवी ८८ आली जी फक्त रणगाड्यांसाठी होती: पाक ४३. नळी तोफेच्या व्यासाच्या ७१ पट लांब, गोळ्याचा वेग सेकंदाला १,००० मीटर. जुन्या ८८चा गोळा १,००० मीटरवर साधारण १०० मिलिमीटर पोलाद फोडे, हिचा १६०च्या पुढे. ती क्रॉसच्या आकाराच्या बैठकीवर बुटकी बसे. बैठका पुरेशा बनेनात म्हणून काही नळ्या जोडतोड करून दोन चाकांच्या गाड्यावर चढवल्या. तो प्रकार चार टनांहून जड आणि एवढा रुंद की जर्मन सैनिक त्याला ‘धान्याच्या कोठाराचं दार’ म्हणायचे. लहानशी तोफ दार ठोठावते म्हणून सुरुवात झाली आणि शेवट तोफच दाराएवढी होण्यात झाला. आघाताची ताकद वाढवत नेली की वजन वाढतंच, आणि लपणं अवघड होतंच. म्हणून शेवटी शहाणा मार्ग तोच ठरला जो सगळ्यांनी धरला: मोठी तोफ रणगाड्यातच बसवायची. जुन्या ८८चीच रणगाड्यासाठीची आवृत्ती टायगर रणगाड्यावर गेली, नव्या लांब नळीची टायगर-२वर आणि यागडपँथर या रणगाडाभेदी गाडीवर. रशियनांनी आपली ८५ मिलिमीटरची विमानविरोधी तोफ टी-३४वर आणली, अमेरिकनांनी ९०ची पर्शिंगवर. तिघांकडेही विमानविरोधी तोफखान्यातूनच रणगाड्याच्या तोफा जन्मल्या.

आता आकाशाकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने ८८चा मोठा आणि कमी सांगितला जाणारा भाग तोच. रणगाड्यांची गोष्ट रंगते, पण बहुतेक ८८नी आयुष्यभर एकही रणगाडा पाहिला नाही. १९४४च्या ऑगस्टमध्ये १०,७००च्या आसपास ८८ सेवेत होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक जर्मन शहरांभोवती. एक विमान पाडायला १९४४मध्ये त्यांना सरासरी सोळा हजार गोळे लागत होते. हा आकडा वाचून लोक म्हणतात, मग ती तोफ वाईटच. मी तसं म्हणणार नाही. सोळा हजार गोळ्यांमध्ये झिजलेल्या नळ्या आहेत, ढगांमधून अंदाजाने मारलेले गोळे आहेत, आणि २४-२५ जुलै १९४३च्या रात्री हांबुर्गवर ब्रिटिशांनी पहिल्यांदा टाकलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या आहेत, ज्यांनी वुर्झबुर्ग रडारचा पडदा खोट्या ठिपक्यांनी भरून टाकला. शिवाय पाडलं नाही तरी फ्लाकने बॉम्बर्सना वर ढकललं, आणि जितकं उंच जावं तितके बॉम्ब इकडेतिकडे पडतात. १९४४च्या उत्तरार्धात तर अमेरिकन बॉम्बर्सचं लढाऊ विमानांपेक्षा जास्त नुकसान जमिनीवरच्या तोफांनी केलं.

आकाशातली ८८ कधी एकटी लढत नसे. चार-सहा तोफांच्या मध्ये एक मोठं गणकयंत्र असे, त्याला विमानाची उंची, दिशा, वेग मिळत जाई आणि ते तोफेवरच्या तबकड्यांवर कुठे किती वळायचं ते विजेच्या तारेने पाठवी. तोफेवरचा माणूस विमानाकडे पाहतच नाही. त्याच्यासमोर दोन काटे, एक यंत्राचा आणि एक आपल्या तोफेचा, आणि काम एवढंच की दोन्ही एकमेकांवर ठेवायचे. रात्रभर. मी एल-७०वर रडारमागे हेच केलंय. तिथे माणसाला लढाई दिसत नाही, फक्त काटा दिसतो, आणि काटा सुटला की आपण सुटलो हे माहीत असतं.

१९४३च्या फेब्रुवारीपासून या काट्यांपुढे शाळेतली मुलं बसू लागली, पंधरा-सोळा वर्षांची. मोठी माणसं आघाडीवर गेली होती. सकाळी तोफेजवळच शिक्षक येऊन शिकवत, रात्री ती पोरं तोफेवर. पुढे पोप झालेले योझेफ राट्झिंगर त्यांतलेच, म्युनिकच्या बाजूला. त्यांच्याबरोबर स्त्रिया होत्या, आणि गोळे वाहायला रशियन युद्धकैदीही. आपल्या शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाखाली, शत्रूचा कैदी आणि शाळकरी मुलगा एकाच तोफेवर. मला या तोफेबद्दल वाचताना सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हे.

‘सर्वांत भारी तोफ’ का, याचं माझं उत्तर आता तुम्ही ओळखलं असेल. तोफ चांगली होती, भरवशाची होती, पण तिच्या तोडीच्या तोफा इतरांकडेही होत्या. जर्मनांनी ती लढत्या सैन्याबरोबर नेली, तिच्या माणसांना दोन्ही कामं शिकवली आणि दोन-तीन वर्षं समोरच्याकडे तिच्यावरचा उतारा नव्हता. भीतीने उरलेलं काम केलं. इटलीत तर मोठा आवाज करून सपाट येणारा प्रत्येक गोळा ८८चाच समजला जाई, मग तो पाक ४०चा असो की रणगाड्याचा.

पुढच्या वेळी नगरला जाल तेव्हा पाटी वाचायच्या आधी स्वतः ओळखायचा प्रयत्न करा. मी मुद्दाम सांगत नाही. ‘८८’ हा फक्त नळीचा व्यास. या नावाच्या तीन वेगळ्या घराण्यांच्या तोफा आहेत: जुनी फ्लाक १८-३६-३७, नंतरची लांब नळीची फ्लाक ४१ आणि पाक ४३. तिघींच्या केस वेगवेगळ्या लांबीच्या, एकीचा गोळा दुसरीत जात नाही. नळीच्या तोंडाशी धक्का कमी करणारा फुगीर, भोकांचा तुकडा असेल तर ती जुनी फ्लाक नव्हे. दोन चाकं आणि मागे दोन लांब शेपट्या असतील तर ‘कोठाराचं दार’. चार पाय आणि मध्ये उंच खांब असेल, नळी आकाशाकडे सहज उचलेल अशी दिसत असेल, तर ती विमानांची.

आणि ती विमानांची असेल तर डाव्या बाजूला वाकून पाहा, तिथे फ्यूज लावायचं यंत्र असायला हवं: तोंड वर केलेले दोन कप, शेजारी शेजारी. गोळा सुटल्यावर नेमक्या कितव्या सेकंदाला फुटायचा ते या कपात ठरे. आतलं घड्याळ जास्तीत जास्त तीस सेकंदांचं. मुलगा गोळ्याचं टोक कपात घालायचा, यंत्र ते वळवायचं, मग तो गोळा उचलून लोडरच्या हातात. एका कपातला गोळा काढेपर्यंत दुसऱ्या कपात पुढचा बसलेला. त्या कपांच्या कडा पाहा, किती झिजल्यात ते.